समोरच्या दुकानापर्यंत

उद्यमबागेत, जिथं पूर्वी पंपाची केसिंगं ओतायचे,
त्या शेडमध्ये बसवंत हलगेकर बिअर करतो.
टाक्या नव्या, फरशी जुनी,
कोपऱ्यात अजून मूठभर काळी वाळू सापडते.
मी त्याचा हिशेबनीस, मंगळवारी आणि शुक्रवारी.

रस्त्यापलीकडे शेट्टरचं दुकान.
मी एकदा मोजलं : बेचाळीस पावलं,
मधलं गटार आणि झोपलेलं कुत्रं धरून.
खरं तर बाटलीनं इतकंच चालायचं.

पण बाटली टेम्पोत चढते.
परवान्यावर तिची वेळ, तिचा रस्ता, गाडीचा नंबर,
आणि तेवीस किलोमीटर जाऊन ती डेपोत उतरते.
तिथं ती सरकारची होते.
आठ-दहा दिवस पत्र्याखाली बसते.
(बसवंत म्हणतो, "पोराला उन्हात उभं केल्यागत वाटतंय बघ.")
मग शेट्टर पैसे भरतो, चलन दाखवतो,
आणि ती तेवीस किलोमीटर परत येते,
त्याच गटारापाशी,
त्याच कुत्र्याच्या अंगावरून उतरवून घेतात तिला,
तेव्हा तिचा भाव
आमच्या ओळखीचा राहिलेला नसतो.

माल्ट, हॉप्स, बेळगावी बासमतीची कणी,
वीज, काच, बूच, मंजुनाथचा आणि दस्तगीरचा पगार :
सगळं मिळून अठ्ठेचाळीस रुपये.
त्याच्या पुढचं मला कन्नडमधून मराठीत आणावं लागतं,
बसवंत कन्नड फाडफाड बोलतो, वाचत नाही.
सुंक म्हणजे कर, मी सांगतो.
मग त्या करावरचा कर.
मग डेपोचा वाटा, मग शेट्टरचा.
'अबकारी' मात्र दोन्ही भाषांत अबकारीच,
त्या शब्दावरून इथं कधी मोर्चा निघाला नाही.

लेबलची फी वर्षाला एकदा.
मोठ्या कंपनीला जेवढी, तेवढीच आम्हाला.
त्यांच्या बाटलीवर ती शोधावी लागते.
आम्ही वर्षाला नऊ हजार बाटल्या भरतो,
आमच्या बाटलीवर ती साडेअकरा रुपये.
गेल्या साली लेबलवरचा बगळा
बसवंतनं जरा डावीकडे सरकवला, बरा दिसतो म्हणून.
ते नवीन लेबल झालं. नवीन अर्ज, नवीन फी.
तेव्हापासून बगळा हललेला नाही.

रविवारी पोरं येतात, गाडीच्या चाकांना
चोर्ला घाटाचा तांबडा चिखल.
फोन पुढं करतात : गोव्याला हे बघा, एवढ्यात.
शिनोळीपलीकडे भाव तिसराच.
"मामा, तुम्ही लुटूलासा की लोकांस्नी."
मी म्हणतो, समोर जावा, पावलं मोजून या.
ती हसतात. कुणी मोजत नाही.

परवा बसवंतच्या मामेभावाची हळद होती, कडोलीला.
डझनभर बाटल्या हव्या होत्या.
टाकी हाताच्या अंतरावर, पण टाकीला सील,
थेंब न् थेंब वहीत चढलेला,
आणि वही माझीच.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.
मग तो पैसे घेऊन रस्ता ओलांडून गेला.

शेट्टरला पैसे घ्यायची लाज वाटली असणार,
काचेवरची धूळ पुसत राहिला.
शेवटी म्हणाला, सुटे नाहीत, वरचे दहा राहू देत.
एवढ्या सगळ्या साखळीत
सूट मिळाली ती तेवढीच.

हळदीच्या मांडवामागं, जनरेटरच्या आवाजात
बसवंतनं पहिली बाटली उघडली,
एक घोट तोंडात धरून ठेवला बराच वेळ,
कुणी परकं माणूस ओळख सांगत असावं तसा.
मी विचारलं, कशी आहे?

"डेपो लागतोय," तो म्हणाला,
आणि बाटली माझ्याकडे दिली.