पाच बाय चार

फोडायच्या आधी खय्युम मिस्त्री आत गेला,
दोन्ही हात पसरले,
दोन्ही तळवे भिंतींना टेकले.
"बाई, ही न्हाणी हाय का कपाट?"

तेहतीस वर्षं मी त्या कपाटात न्हाले.
शहाबादी फरशी, शेवाळानं काळी,
पत्र्याचं दार, खालून गंजून चाळणी झालेलं,
खुंटी एकच. तिच्यावर आधी यांचा पंचा, मग माझी साडी,
आणि अर्धी जागा अडवून दोनशे लिटरचा ड्रम.
उदगीरला आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
ड्रम मात्र कायमचाच राहायला आलेला.

बाहेर ओट्यावर सासूबाई तांदूळ निवडत बसायच्या
आणि कानांनी तांबे मोजायच्या.
बाराव्याला खोकायच्या.
त्या गेल्या त्याला अकरा वर्षं झाली,
तेराव्या तांब्याला माझा हात अजून थबकतो.

विश्वंभर म्हणाले, पांढरी टाइल लावू.
स्वच्छ दिसते, उद्या घर विकलं तर भाव येतो.
मी म्हटलं, न्हाणी बघून कोण घर घेतंय,
आणि रिक्षा करून बिरादारांच्या दुकानात गेले.
मागच्या अंगणात फुटक्या टाइलांचा ढीग,
पोत्याला साठ रुपये.
उन्हात बसून एकेक तुकडा निवडला:
करडईच्या फुलाचा केशरी,
अंबाडीच्या बोंडाचा लाल,
हुरड्याचा हिरवा, तो थोडाच मिळाला,
एकावर अर्धा मोर,
एकावर नुसतंच "लाभ",
शुभ कुठंतरी फुटून गेलेलं.

खय्युमभाईनं पोतं अंगणात ओतलं,
डोक्याचा रुमाल काढून कपाळ पुसलं.
"ही तर वाकळ झाली, बाई."
हौ, म्हटलं. ओली झाली तरी चालंल अशी.

दुसऱ्या दिवशी छन्नीनं गिलावा उतरवताना
चुन्याच्या सात-आठ पापुद्र्यांखाली
परातीएवढा निळा निघाला.
फिका, पण निळाच.

रात्री जेवताना विचारलं.
हे बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले.
"आईनं एकदा चुन्यात निळी कालवली होती.
मी तिसरीत असंन."
आणि मामंजी?
"आप्पांनी त्याच सांजंला वरून पांढरा मारायला लावला.
तिलाच."
मग वरण मागितलं.

सकाळी मिस्त्रीला म्हटलं, तेवढं सोडा.
"ओल धरंल."
धरू द्या.
त्यानं काही विचारलं नाही. निळ्याच्या कडेनं
केशरी तुकडे बसवत गेला, बोटानं सिमेंट पुसत,
आणि "लाभ" नेमका मोरीच्या तोंडाशी लावला,
जिथून सगळं पाणी वाहून जातं.
मी हसले. त्याला मराठी वाचता येतं
हे मला माहीत आहे.

दार फायबरचं, पण पोपटी.
कडी आतून. बाहेरून नाही.
खुंट्या चार, त्यातली एक अशीच, रिकामी.
ड्रमलाही उरलेला राणी रंग फासला.
हे दारात उभे राहून बघत होते.
"हळदीकुंकवाचं तबक करून ठेवलंय," म्हणाले,
चप्पल घालून निघून गेले,
आणि अर्ध्या तासानं चंदनाच्या साबणाची वडी आणून
काही न बोलता कोनाड्यात ठेवली.

नळाला अजून पाच दिवस होते.
पाच दिवस मी संध्याकाळी आत जाऊन
पाटावर कोरडीच बसले,
भाजल्या शेंगा खाल्ल्या, टरफलं ओट्यात.
कडी लावून.

सहाव्या दिवशी रात्री तीनला पाणी आलं.
ड्रम, हंडे, पातेली, शेजारणीची बादलीसुद्धा भरून झाल्यावर
मी न्हायला बसले.
अकरा. बारा.
तेरा.
कुणी खोकलं नाही.
पुढचे मोजले नाहीत.
शिंतोडे उडून निळा गडद होत गेला,
चुन्याचा जुना वास सुटला.

बाहेरून यांनी विचारलं, "झालं का?"

नाही, म्हटलं.