दात

हॅन्लीच्या दप्तरखान्यात पेन चालत नाही.
काउंटरवरची मुलगी बोथट पेन्सिल देते
आणि रजिस्टरांचं एक रीळ.
चौतीस वर्षं छातीच्या वॉर्डात नर्स होते मी,
वाटलं होतं, ही भाषा मला येईल.

पण इथे थॉमस मॅचिन देवाच्या भेटीने गेला,
मंगळवारी, भट्टीपाशी, हातात अर्धा पाव.
हृदय असेल, मी समासात लिहिते.
त्याची बहीण खंगून.
ती कपबश्या झिलईत बुडवायची,
शिशाच्या पांढऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात.
शिसं हा शब्द डॉक्टरने लिहिला नाही.
मालक चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसत असे.

शंभर वर्षं मागे एका म्हातारीपुढे: लाइट्स वर चढले.
मी बराच वेळ दिव्यांचाच विचार करत बसले.
मग आठवलं, खाटकाकडून आई आणायची मांजरासाठी,
वर्तमानपत्रात गुंडाळून, गुलाबी, हलकी:
फुप्फुसं.

आणि मग ईनॉक मॅचिन, वय नऊ महिने.
कारण: दात.

मला हसू आलं. शेजारच्या माणसाने वर पाहिलं.
दातांनी कोण मरतं?

त्याच आठवड्याच्या पेपरात, टोप्यांच्या जाहिरातीखाली,
दात येणाऱ्या बाळांसाठी पूड, पेनीला एक पुडी,
रात्रभर शांत झोप.
आत काय असे ते आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं.
पारा.

केझाया कपांना कान लावायची.
एका पेनीला किती कान, ते कुठे लिहिलेलं नाही.
साखरपाण्यात कालवून बोटावर घेतली असेल,
त्यानेही चोखलं असेल ते बोट,
सुजल्या हिरड्यांनी, आवडीने.

की नसेलच. हगवण असेल, साधा ताप असेल,
दात मात्र त्याच दिवसांत आले असतील बिचाऱ्याचे.
मी पारा लिहिते, खोडते,
पुन्हा लिहिते.
मीही किती घरी फोन केले आहेत रात्री तीनला,
शांतपणे गेले म्हणून.

शेवटच्या रकान्यात: केझाया मॅचिन, आई,
मृत्यूसमयी हजर. सहीच्या जागी फुली,
एक रेघ दुसरीपेक्षा लांब.

पाच वाजता दिवे मालवतात.
पेन्सिल परत करताना लाज वाटते,
मागच्या टोकावर माझे दात उमटलेत.
मुलगी डब्यात टाकते ती.
"राहू दे, सगळेच चावतात."