बोजारा

हिंगणघाटच्या जुन्या बाजारात, इस्राईलभाईच्या दुकानात,
पितळी समया, मुका ग्रामोफोन आणि कुणा वकिलाची खुर्ची
यांच्या मधोमध तो उभा होता.
मान किंचित डावीकडे,
झिबल वाढयाच्या हातून चुकून तशी झालेली.
आणि मग झिबलच म्हणाला होता,
"पाहू द्या ना त्याले वावराकडं."

मी चाकं पाहिली नाहीत, शिंगं पाहिली नाहीत.
उजव्या कानामागे बोट फिरवलं.
दात होते तिथं. माझे.
पाच वर्षांची असताना,
गुणवंतानं दोरी दिली नाही म्हणून चावलेले.

"किती?"
"अठरा हजार. असली सागवान है, बाई."

झिबलनं तेव्हा दोन पायल्या ज्वारी घेतली होती
आणि एक कप चहा,
वर चहात साखर कमी पडल्याची तक्रार.

तान्हा पोळा पोरांचा.
दोरी गुणवंताच्या मुठीत,
मी मागे, नालीत चाक अडकलं की ढकलायला.
फक्त त्याला गोवर निघाला त्या वर्षी
त्याची टोपी माझ्या डोक्यावर आली.
वेण्या आत कोंबल्या
आणि मी दारोदार नंदी नेला,
चाकांची कुरकुर पुढे, मी तिच्या मागे.
कुणी ओळखलं नाही असं मला वाटलं.
सगळ्यांनीच ओळखलं असणार.
सरुबाई आतून म्हणालीच सुनेला,
"या नंदीवाल्याले बोजारा जरा जास्तीचा दे वो."

सव्वा रुपया जमला.
तापातल्या गुणवंतानं उठून मोजून घेतला.

पुढे मी सासरी गेले, आणि आईनं
नंदी भांडेवाल्याला देऊन स्टीलचा गंज घेतला.
राग नाही आला, खरं सांगते.
जाड बुडाचा गंज आहे,
माझ्याचकडे आहे,
दूध अजून लागत नाही त्यात.

मी बारा म्हणाले, तो सतरा म्हणाला.
मी म्हणाले, याच्या कानावर माझे दात आहेत, भाई.
तो म्हणाला, "वही तो! नहीं तो नया समझते लोग.
दाताचेच पैसे आहेत, बाई."

साडेपंधराला तुटलं.
अंगणवाडीचं दीड महिन्याचं मानधन,
दाढांवर टोप्या बसवायला वर्षभर बाजूला टाकलेलं.

दुकानातूनच गुणवंताला पुण्याला फोन लावला.
"कोणता नंदी?" तो म्हणाला.
"आपल्या घरी कुठं होता? मी तर काकाचा न्यायचो."
मग मी त्याच्या नातवाची परीक्षा विचारली,
त्याच्या गुडघ्यांचं विचारलं.

दोरी बांधून फरशीवर ओढून पाहिला.
आवाज नाही.
"कुरकुर होती याला," मी म्हणाले.
"होती ना. ऑइल टाकून काढून टाकली.
उसका पैसा नहीं लगाया."

नोटा दोनदा मोजून झाल्यावर
त्यानं गल्ल्यातून दहाची एक काढली,
माझ्या तळव्यावर ठेवली.
"बोजारा," म्हणाला, हसला नाही.
आणि माझा हात गेला केसांकडे,
वेण्या लपवायला.
पांढरे, आखूड, लपवण्यासारखं काही नव्हतं.

समुद्रपूरच्या गाडीत त्याला खिडकीशी बसवलं.
कंडक्टर पोरगी, नवी असावी,
मशीन हातात धरून दोघांकडे पाहत राहिली.
"मावशी, तुमचं अर्धं," ती म्हणाली.
"याचं पूर्ण लागंल."
दिलं.

बाहेर कपाशी, मग तूर, मग पुन्हा कपाशी.
खिडकी त्याच्या उजवीकडे होती,
मान मात्र झिबलनं ठेवली तशीच,
म्हणून जाम चौक येईपर्यंत
तो माझ्याकडेच पाहत होता.