डावा हात

आंदेनेस सोडून सतरा तास.
वारा नैऋत्येचा, पाठीवर हात ठेवून चालवणारा.
इंजिन बंद. बंदच ठेवायचं, सुन्नीवाची ताकीद आहे,
कारण खाली ऐंशी वाव खोल
तिने दोराला बांधून एक कान सोडलाय,
आणि इंजिन धडधडलं की समुद्र बोलत नाही,
पाहुण्यांसमोर मुक्या होणाऱ्या पोरासारखा.

म्हणून शिडं. म्हणून हे जुनं लाकडी गलबत, 'तेर्ना',
ज्याच्या पोटात एकेकाळी कॉडचे ढीग असत;
अजूनही ऊन तापलं की फळ्यांना तो वास सुटतो.
आता तिथे बाटल्या. प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी:
खोली, वेळ, क्षारता, उपकरण.
चिठ्ठ्या मी लिहितो. स्वयंपाकही मीच करतो.
एकदा गल्लत झाली,
रश्शात मीठ किती विचारलं तर म्हणालो,
हजारी चौतीस.
कोणी हसलं नाही. सगळ्यांनी चव घेऊन पाहिली.

दर सहा तासांनी जाळी उतरते,
पिठाच्या चाळणीहून बारीक.
वर येते तेव्हा तळाशी चिमूटभर लालसर काही.
एंद्रे भिंगाला डोळा लावतो.
"लहान जात. दक्षिणेकडची. पोटात तेल नाही."
म्हणजे यांना खाणारा मासा उपाशी,
त्या माशाला खाणारा पक्षी उपाशी.
पुढचं तो बोलत नाही.
पुढे त्याचे आजोबा येतात,
आणि त्यांची विकायला काढलेली होडी.

तिसऱ्या रात्री (रात्र आपली म्हणायची,
सूर्य पाण्याला टेकून बुडायचं विसरलेला)
तांडेल आस्लाउगने बिस्किटांचा डबा आणला.
आत तिच्या वडिलांच्या वह्या.
इंगेब्रिक्त. अठ्ठावीस हंगाम.
रोज सकाळी बादली टाकायची, पारा बघायचा,
आकडा पेन्सिलीने. शाई भिजली की रडते.
इतर शब्द क्वचित.
एका पानावर: *मुलगी झाली. पाणी साडेसहा.*
"ती मी," आस्लाउग म्हणाली. "साडेसहा अंशांची."

आणि एका वर्षी काचनळी फुटलेली.
नवी येईपर्यंत अकरा दिवस आकडा नाही:
*मनगट दुखलं.*
*चाळीस मोजले, मग बोटं माझी राहिली नाहीत.*
*आज तीसच.*

सुन्नीवा बराच वेळ पानं उलटत राहिली.
मग म्हणाली, "बाकी सगळं सोनं आहे.
हे अकरा दिवस मात्र वगळावे लागतील.
हात हे उपकरण नव्हे."
"बरोबर आहे," आस्लाउग म्हणाली.
डब्याचं झाकण जरा वाकडं होतं,
ते तिने दोनदा दाबून बसवलं
आणि सुकाणूवर गेली.

पहाटे पहारा माझा होता.
वारा पडलेला. शिडं नुसती लोंबत होती.
उत्तरेला ब्यर्नओया बेट असेल तिथे धुकं,
आणि मागे-मागे एकच राखाडी पक्षी,
आमच्याकडे काही नाही हे माहीत असूनही.
सुन्नीवा कठड्याशी उकिडवी बसलेली,
पुढ्यात बादली, बाही कोपराच्या वर.
ओठ हलत होते. प्रार्थना वाटली मला.
जवळ गेलो तर आकडे.
एकशे अकरा. एकशे बारा.

दाढी, दोर आणि बर्फ यांनी रापलेला तो माणूस
चाळिसाला हरायचा.
आणि ही, टंकलेखनाचे हात असलेली.
याने काही सिद्ध होत नाही,
हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.
एकशे साठला तिने हात काढला,
वळवून-वळवून पाहिला,
जणू कोणी चुकून दुसऱ्याचाच परत दिला होता.

बाटली भरली. चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली.
खोली: पृष्ठभाग. वेळ: चार वाजून दहा.
उपकरणाच्या रकान्यात
तिच्या त्या छापील अक्षरात: *डावा हात.*

मी खोडलं नाही.
चिठ्ठी बांधली, बाटली खाली नेऊन
कॉडच्या वासात इतरांशेजारी ठेवली.
वर एंद्रे उठून ओला दोर गुंडाळत होता,
आणि बटाटे अजून सोलायचे होते.