कोमट

अंड्याचा बलक किती पिवळा असावा
हे कोंबडी ठरवत नाही.
खाद्यात मिसळलेले तांबूस मणी ठरवतात,
जिलेटिनच्या कातडीतले, खसखशीएवढे.
आणि ते मणी पोत्यात किती आहेत
हे मोजायची रीत बरोबर की चूक,
ते ठरवायचा मला पगार मिळतो.

मी कोंबड्या पाहत नाही. रीत पाहते.
कंपनीने अर्जासोबत जोडलेली अठरा पानं :
इतकं घ्या, ढवळा, गाळा, यंत्रात सोडा.
लीवेन पोतं घुसळून बारा बाटल्या भरतो,
तपकिरी काचेच्या, कारण उजेडात रंग मरतो.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
पण शीत पातेल्याच्या कुठल्या कोपऱ्यातलं
यावर लीवेन सकाळभर भांडू शकतो.

बारा बाटल्या बारा गावांना गेल्या.
फेब्रुवारीत आकडे आले.
व्हॅलेन्सिया चोवीस पूर्णांक एक. पोझ्नान तेवीस आठ.
अकरा जण एका ओळीत,
शाळेच्या फोटोत उभे राहावेत तसे.
आणि टार्टू :
चौदा.

पाचामुखी परमेश्वर, इथे तर अकरा मुखं.
सांख्यिकीच्या कोर्नेलने कसोटी लावली,
चौदावर तारा टाकला, म्हणाला, हा धरायचा नाही.
आणि टक्केवारी एकदम देखणी झाली.

मी सही करणार होते.
पेन उघडलेलं होतं,
खाली सायकलींच्या सीटांवर
फ्लँडर्सचा करडा पाऊस साचत होता,
आणि तो चौदा मला सोडेना.
चुकणारा माणूस इतका नीट चुकत नाही :
चौदा, चौदा एक, तेरा नऊ,
सहाच्या सहा वेळा.

फोन केला. विर्वे नावाची बाई.
आधी घाबरली. मग म्हणाली,
मी तर लिहिल्याप्रमाणेच केलं.
पान सात : मणी कोमट पाण्यात फुगवा.
कोमट म्हणजे किती?
मनगटावर थेंब घेऊन पाहिला, म्हणाली,
बाळाच्या आंघोळीला पाहतात तसा.
बाहेर उणे एकोणीस होतं,
नुकतीच आत आले होते,
हात गार होते माझे.

मग बाकीच्या अकरांना विचारलं.
पान सात कुणी धड वाचलंच नव्हतं.
प्रत्येकाकडे गरम पाण्याचं कुंड
पन्नासवर आधीच लावलेलं,
मागल्या कुठल्याशा कामाची सवय.
अकराही बरोबर आले, कारण
सांगितल्याप्रमाणे एकानेही केलं नव्हतं.

कोर्नेल बराच वेळ गप्प होता.
मग ताऱ्यावर माउस नेऊन म्हणाला, पुसू?
आकडा राहू दे, म्हटलं. तारा काढ.

अहवालात लिहिलं : पान सात, ओळ चौथी,
'कोमट' हा शब्द काढावा.
पन्नास अंश, तीस मिनिटं, झाकून.
कंपनीचा गृहस्थ ओरडला,
एका शब्दापायी चार महिने?
मी म्हटलं, उद्या एखाद्या बंदरावर
विर्वेसारखी कुणी नेमाने वाचणारी असेल,
आणि रंगाने ठासून भरलेलं पोतं
तिच्या प्रामाणिक हातून
बिनबोभाट सुटून जाईल.
त्याने फोन ठेवला. नीट नाही, आपटलाच.

रात्री नातीच्या टबात मनगट बुडवलं.
कोमट होतं.
किती, ते मला
शपथेवर सांगता आलं नसतं.