पुंगळ्या

लाल झेंडा वर गेला की
समुद्रपूरच्या पुढच्या त्या टेकडीखाली
शेळ्या आपसूक दुसरीकडे वळतात.
राखणारं पोरगंही त्यांच्या मागोमाग,
कान आधीच झाकून.
तुरी सोंगून झालेल्या, फणकटं तेवढी उभी,
आणि आम्ही दहाजण रांगेत
वर्षातून एकदा पोलीस असल्याचा
पुरावा द्यायला आलेलो.

बाकी वर्षभर मी
हरवलेल्या म्हशींचे अर्ज लिहून घेते,
यात्रेत दोर धरते,
पळून गेलेल्या पोरींच्या आयांना
पाणी देते.

पहिली चार वर्षं माझी गोळी
डावीकडे, खाली,
नुसती माती उडवायची.
मी दोष द्यायची पिस्तुलाला,
चष्म्याच्या नंबराला,
कधी टेकडीवरून येणाऱ्या वाऱ्याला,
जो त्या दिवशी नसायचाच.

उकंडराव ढोमणे, शस्त्रागारातले हवालदार,
गालात सुपारी, बोलणं मोजकं.
त्या वर्षी माझं मॅगझीन त्यांनी स्वतः भरलं.
तिसऱ्यांदा घोडा दाबला
आणि काहीच झालं नाही.
आवाज नाही, धूर नाही,
पण माझं मनगट खाली पडलेलं,
डोळे मिटलेले,
खांदा कानाशी येऊन बसलेला,
जणू कुणी हात उगारला होता.

"पाह्यलं?" ते म्हणाले.
"गोळी त सुटलीच नाई.
मंग तू कोनाले भेली?"

खऱ्यांमध्ये त्यांनी एक खोटी घातली होती.
पितळ तेच, वजन जवळपास तेच,
आत काही नाही.

कोणाला भ्यायले, ते मला माहीत होतं.
त्याचा टारगेटशी काही संबंध नव्हता.
मी बोलले नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही,
फक्त सुपारीची कूस बदलली.

त्यानंतर ड्युटी सुटली की रोज
शस्त्रागाराच्या दाराशी
रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर एक रुपयाचं नाणं.
घोडा ओढायचा, नाणं पडू द्यायचं नाही.
पहिल्या आठवड्यात ते फरशीवर इतकं वाजलं
की लॉकअपमधला मोहाच्या दारूवाला
आतून मोजायला लागला:
"अठ्ठावीस झाले, मॅडम."
महिन्याभरानं दुसरा कुणी आत होता,
तो मात्र निवांत झोपायचा.

"माशी पाह्य," ढोमणे म्हणत,
"कागूद नोको पाहू. कागूद कुठं पयत नाई."
माशी काळी, कोरीव, खाचेच्या मधोमध.
तिच्यापलीकडचं जग धूसर होऊ द्यायचं
आणि ते तसं राहिलं तरी
घाबरायचं नाही.
अर्धा श्वास बाहेर.
बोट असं की
फुटलेल्या बोंडातून कापूस यावा:
चिमटीला कळतं,
बाईला नंतर.

दहातल्या आठ लागल्या तेव्हा
ते म्हणाले, "बरं हाय,"
आणि पुंगळ्या वेचायला वाकले.
सरकारला प्रत्येक पुंगळी परत लागते.

रिटायर झाले त्या दिवशी
माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं.
घासून गुळगुळीत झालेली खोटी गोळी,
बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.
कुणाचं नेलपॉलिश,
विचारायचं राहून गेलं.

यंदा रांगेत करिश्मा सयाम आहे,
बावीस वर्षांची, कोरपन्याकडची.
तिची माती डावीकडे उडते, खाली.
मागून कुणीतरी हसतं,
कुणीतरी म्हणतं, जोर लाव,
कुणी म्हणतं, डोळा मीट एक.
मी तिचं मॅगझीन मागून घेते,
पाठ फिरवून भरते.

पाचव्याला काहीच झालं नाही.

तिचं मनगट खाली.
तिचे डोळे मिटलेले.
मग ते उघडले
आणि तिनं स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं
की तो घरून कुणीतरी सोबत पाठवलाय.

तो प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला.
मी गिळला.
तिचं तिला माहीत.

झेंडा उतरला, शेळ्या परत आल्या.
धुळीत उकिडव्या बसून आम्ही दोघी
पुंगळ्या मोजत होतो,
नऊ भरल्या,
दहावी माझ्या खिशात.

"सयाम," मी म्हटलं,
"सुट्टा रुपया आहे का तुझ्याकडे?"