मावशीची अंघोळ

मे लागला की फाहाहीलला गार पाणी गरम नळातून येतं.
नव्या माणसाला हे पटत नाही.
गच्चीवरची टाकी दिवसभर चुलीवर,
म्हणून गीझर बंद ठेवायचा,
रात्रीतून त्यातलं पाणी निवतं,
आणि शुक्रवारी सकाळी लाल खुणेची तोटी सोडायची.
पहिली बादली मावशीची.

मावशी म्हणजे कुंदाचा टॉपर.
नाव तिनंच ठेवलं.
चौदा इंच, चार क्लिपा, काळ्यात जरा तपकिरी झाक,
वॉशिंग मशीनवर थर्माकोलच्या डोक्यावर बसलेली,
पाहुणे आले की कपाटात जाणारी.
डब्यावर छापलंय: अस्सल भारतीय केस.
"म्हणजे हीसुद्धा व्हिसावरच," कुंदा म्हणाली होती,
आणि बाथरूमची कडी लावून घेतली होती.

तीन वर्षं मी फक्त पाण्याचा आवाज ऐकला.
मग शाळेच्या जिन्यात तिचं मनगट मोडलं,
उजवं.

आता ती बाहेर स्टुलावर, डोक्याला रुमाल, दाराकडे पाठ.
मी आत. दार अर्धं उघडं.
"आधी विंचर. खालून. टोकं सुटली की मग वर.
वरून ओढलंस तर तुटतील,
आणि तुटलेले परत येत नाहीत."
चौथीच्या वर्गाला सांगावं तसं सांगते.
मगात झाकणभर शांपू, त्यावर पाणी,
केस बुडवायचे, चोळायचे नाहीत,
रुसलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा
हात एकाच दिशेनं.
कंडिशनर जाळीला लागू द्यायचा नाही, गाठी सुटतात.
पिळायचं तर नाहीच.
मी एकदा पिळलं, सवयीनं, बनियन पिळतो तसं.
पाठ होती तरी तिला कळलं.

मी शुऐबाला समुद्र उकळतो.
बावीस वर्षं. वाफ धरायची, मीठ परत पाठवायचं.
लोक म्हणतात, इथल्या पाण्यानं केस जातात.
खानोलकर वहिनी म्हणतात, क्लिनिकातली सिस्टर म्हणते,
माझा न्हावीसुद्धा म्हणतो, माझे कापता कापता.
डॉक्टर म्हणाले, पाण्याचा काही संबंध नाही,
शरीरच स्वतःवर उठलंय.
तरी मी रिपोर्ट आणून दाखवले,
क्लोरीनचे, क्षारांचे, तीन वर्षांचे, माझ्याच सहीचे.
तिनं चष्मा लावून सगळे वाचले.
काही बोलली नाही.

शेवटच्या धुण्याला हल्ली मी प्लँटवरचं पाणी आणतो,
चुना मिसळण्याआधीचं, नुसती थंड झालेली वाफ.
पाच लिटरचा कॅन.
गेटवरचा थापा विचारतो, "बॅटरीसाठी?"
मी म्हणतो, मावशीसाठी.
तो वहीत तसंच लिहितो.

मग टॉवेलात घेऊन दाबायचं,
एसीचा झोत चुकवून रात्रभर उभं ठेवायचं.
शनिवारी पुढच्या बटांना तीन रोलर,
मागे इस्त्री, बेताची.
समुद्राला एकशे दहा अंश पुरतात,
मावशीला एकशे चाळीस लागतात.
पहिल्यांदा एक बट माझ्या हातून करपली.
घरभर तो वास.
कुंदानं खिडकी उघडली, बाहेरची गरम धूळ आत आली,
आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ हसलो.

रविवारी, शाळेच्या बसला पंधरा मिनिटं असताना,
डाव्या हातानं क्लिप बसेना.
दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा
रुमाल सोडून माझ्यापुढे खुर्चीत बसली,
मान खाली.

टाळूच्या जरा मागे, उजवीकडे,
एक तीळ आहे. मसुरीच्या डाळीएवढा.
लग्नाला एकवीस वर्षं झाली.
तिलाही तो कधी दिसला नसणार.

"पार्टिंग सरळ आलंय का?"
"थोडं डावीकडे," मी म्हटलं,
आणि पहिली क्लिप
त्याच्या अलीकडे लावली.